दोन खाचा

जेवणाची ताटं उचलली जायच्या आत प्रल्हाद नारखेडे मागच्या खोलीत गेले, खुर्चीचा पट्टा बांधला आणि चेन्नईच्या धावपट्टीवरून एकशे ऐंशी आसनांचं विमान उचललं.

भुसावळच्या त्या घरात मागच्या खोलीत पूर्वी गाद्या आणि धान्याच्या कोठ्या असत. आता तिथे विमानाचं नाक होतं. तीन बाजूंना पडदे, डोक्यावर बटणांची फळी, समोर उजळणारे सहा फलक. तेहतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेल्या नारखेड्यांनी गेल्या अकरा वर्षांत हे विमान घरबसल्या शिकून घेतलं होतं, आणि शिकताना एकही पायरी गाळली नव्हती. खऱ्या वैमानिकांची बाराशे पानी पुस्तिका त्यांना तोंडपाठ होती. इंजिन सुरू करण्याआधीची यादी ते एकटेच मोठ्याने वाचत. इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा थ्रॉटल बाजारात तयार मिळायचा, पण तो त्यांना खेळण्यासारखा वाटे. म्हणून भंगारात निघालेल्या रेल्वे इंजिनाचा दांडा आणून त्यांनी तो स्वतः बसवला होता. चांगला जड, खाचाखाचांतून सरकणारा.

'नभसोबत' कंपनीचं हे सिम्युलेटर, म्हणजे आभासी उड्डाणयंत्र, देशातल्या चाळीस हजार घरांत होतं. त्या सगळ्यांत नारखेड्यांचा क्रमांक पहिला होता.

उड्डाण चालू असताना सुरेखाबाई दार वाजवत नसत. आज वाजवलं.

"विमान सोडा आणि बाहेर या. कुणी बाई आल्या आहेत. पाणी दिलं तर नको म्हणाल्या."

बाहेरच्या खोलीत पंचावन्नेक वर्षांच्या, केस अगदी बारीक कापलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी ओळखपत्र पुढे धरलं. कॅप्टन शलाका वर्टी, देवसडा अपघात चौकशी समिती.

"पहिल्या क्रमांकाचे खेळाडू तुम्हीच ना?"

"वैमानिक म्हणवत नाही मी स्वतःला," नारखेडे म्हणाले. "पण खेळाडूही नाही."

"देवसड्याला सात माणसं गेली. त्यांच्या घरी जाऊन हा फरक समजावून सांगाल?"

देवसड्याचा अपघात पाच आठवड्यांपूर्वीचा. कोकणातल्या एका उंच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नवं विमानतळ झालं होतं. तिथे उतरताना विमान धावपट्टी संपली तरी थांबलं नाही, आणि सड्याच्या कडेवरून खाली गेलं. सहा प्रवासी आणि कॅप्टन मृण्मयी अधिकारी अशी सात माणसं गेली. तिच्या शेजारच्या आसनावर माणूस नव्हताच. चार वर्षांपासून लहान पल्ल्याच्या विमानांत सहवैमानिकाच्या जागी 'सोबती' असे. ही 'नभसोबत'चीच प्रणाली. ती आकडे वाचायची, बोलायची आणि वेळ पडली तर स्वतःच्या मोटारींनी दांडे हलवायची. कॅप्टन ऐन वेळी गोंधळली, असं कंपनीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं होतं.

"माझा काय संबंध?"

"सोबती उडायला कुणाकडून शिकला, ठाऊक आहे? तुमच्याकडून. तुम्ही चाळीस हजार लोक घरात बसून जे करता त्याच्या नोंदींवरून. तुमच्या नोंदी सर्वांत जास्त, म्हणून तुमचं वजनही सर्वांत जास्त."

हे नारखेड्यांना माहीत नव्हतं असं नाही. 'तुमच्या कौशल्याचा उपयोग देशाच्या आकाशाला' असं प्रशस्तिपत्र दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं होतं. ते वाचून त्यांची छाती किती वेळा फुगली होती! पण या बाईच्या तोंडून तेच ऐकताना ते एखाद्या आरोपासारखं लागलं.

"मग अपघात का झाला? मी अकरा वर्षांत विमान आपटलेलं नाही."

वर्टीबाईंनी पिशवीतून छोटा ध्वनिवाचक काढला आणि टेबलावर ठेवला. कॉकपिटमधला आवाज सुरू झाला. वाऱ्याची घरघर, मग मृण्मयीचा स्पष्ट आवाज, "वारा मागून आलाय. फेरउड्डाण." फेरउड्डाण म्हणजे उतरणं सोडून देऊन पुन्हा वर चढणं. लगेच मोटारीचा आवाज आला. टक्. टक्.

चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या सुरेखाबाई दारातच थबकल्या. त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"आत कोण बसलंय?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर इथे आहात."

वर्टीबाईंनी ध्वनिवाचक बंद केला.

"ऐकलंत?" वर्टीबाई थंडपणे म्हणाल्या. "खऱ्या विमानाच्या थ्रॉटलला खाचा नसतात. तो लोण्यासारखा सरकतो. सोबतीने मात्र दोन झटक्यांत मागे ओढला. एक खाच, थोडं थांबून दुसरी. कॅप्टन दांडा पुढे ढकलत होती आणि हा मागे ओढत होता. विमान उतरतंच आहे, फक्त नीट टेकवायचं आहे, अशी त्याची खात्री होती. त्या ओढाताणीत पावणेदोन सेकंद गेले. कंपनी म्हणते, शिकलेल्या प्रणालीत कुणा एकाचा हात शोधता येत नाही. मी तीन आठवडे चाळीस हजार घरांतल्या उपकरणांची यादी चाळली. खाचांचा दांडा फक्त तुमच्याकडे आहे."

"असेल! दांडा मागे घेतला तर चुकलं काय? मागून वारा आला की ताकद काढायची, नाक दाबायचं, चाकं टेकवायची. हजारदा केलंय."

"नऊ हजार एकशे बारा वेळा उतरलात. फेरउड्डाणं किती?"

आकडा नारखेड्यांना ठाऊक होता.

"एकही नाही," वर्टीबाईंनीच सांगितलं. "का?"

"गाडी फलाटावर आणायची असते, मॅडम. मधूनच मागे न्यायची नसते. तेहतीस वर्षं मी तेच केलं." त्यांचा आवाज चढला. "आणि तुमच्या त्या नभसोबतने फेरउड्डाणाला 'अपूर्ण उड्डाण' ठरवलं होतं! गुण कापायचे. मग कोण करणार? अजून एक सांगा. सोबतीला शिकवायला खऱ्या वैमानिकांच्या नोंदी का नाही घेतल्या?"

पहिल्यांदाच त्या बाईंची नजर हलली.

"संघटनेने नकार दिला होता. आमचं कसब देऊन आमच्याच नोकऱ्या घालवायच्या नव्हत्या."

"सही कुणाची होती नकारावर?"

"माझीही होती."

"मग माझ्या दारात कशाला ओरडता? तुम्ही हात आखडता घेतलात, म्हणून त्यांनी माझा घेतला."

वर्टीबाईंनी पिशवीतून एक बोटभर डबी काढली. "यात त्या दिवसाचा वारा आहे. तोच देवसडा, तीच उंची, तोच वेग. आत बसा आणि उतरवून दाखवा. तुमच्या हाताचा आलेख आणि सोबतीचा आलेख जुळला, तर मृण्मयीच्या नावावरचा डाग निघेल. नाही जुळला तर मी तुमची माफी मागून जाईन. ती माझी विद्यार्थिनी होती. मी तिला पहिल्याच आठवड्यात फेरउड्डाण शिकवलं होतं."

त्याच वेळी फोन वाजला. कंपनीचा ऋषभ मेहेंदळे होता. नियमाप्रमाणे समितीने चाचणीची सूचना कंपनीला दिली होती. इतकी वर्षं 'नारखेडेसर, नारखेडेसर' करणारा तो मुलगा आज सर म्हणायला विसरला.

"त्या बाईंना काहीही उडवून दाखवू नका. कराराचं एकोणिसावं कलम वाचा. नोंदींमध्ये जाणूनबुजून दोष घातला असेल तर जबाबदारी वापरणाऱ्याची. मान्यता नसलेला दांडा तुम्ही बसवलात, आम्ही नाही. सात मृत्यू आहेत. विचार करा."

"दांड्याचा फोटो तुम्हीच तुमच्या मासिकात छापला होता," नारखेडे म्हणाले. पलीकडून फोन बंद झाला.

नारखेड्यांनी फोन खाली ठेवला. मग सुरेखाबाई म्हणाल्या, "उडवा. नाहीतर तो आवाज मला या घरात राहू द्यायचा नाही."

नारखेडे आत गेले ते काही पुरावा द्यायला नव्हे. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं: वारा फिरला की सरळ फेरउड्डाण करायचं, दांडा पुढे ढकलायचा, आणि या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवायचं. अवघड काय होतं त्यात? पुस्तिकेचं ते पान तर पाठच होतं.

पडद्यावर देवसडा आला. लाल कातळाचा सपाट माथा, त्यावर काळी पट्टी, पट्टी संपते तिथे नुसती हवा. पाचशे फूट. तीनशे. एकशे चाळीस फुटांवर वाऱ्याचा काटा गर्रकन फिरला. विमान हलकं झालं, पट्टीवर तरंगायला लागलं.

"फेरउड्डाण," नारखेडे मोठ्याने म्हणाले.

टक्. टक्.

हात आपला मागेच गेला होता. त्यांनी दांडा पुढे रेटेपर्यंत पट्टी संपली, आणि पडद्यावर दरीतली झाडं मोठी होत गेली.

"पुन्हा," मागून वर्टीबाईंचा आवाज आला.

दुसऱ्या खेपेला त्या शेजारच्या आसनावर बसल्या. वारा फिरला तसा त्यांनीच दांडा पुढे ढकलला, जसा मृण्मयीने ढकलला असेल. आणि नारखेड्यांचा पंजा त्यांच्या हातावर पडून तो मागे ओढायला लागला. त्या ढकलत होत्या, ते ओढत होते. नारखेड्यांना कळत होतं, डोळ्यांना दिसत होतं, तरी तेहतीस वर्षं गाडी फलाटावर आणणारा तो हात ऐकत नव्हता. शेवटी त्यांनी डाव्या हाताने स्वतःचंच उजवं मनगट धरून सोडवलं.

वर्टीबाईंनी आपला हात बाजूला घेतला. बोटांवर लाल वळ उठले होते. त्यांनी आलेख पाहिला.

"पावणेदोन सेकंद," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून पडद्याकडे बघत बसल्या.

नारखेड्यांनी त्याच संध्याकाळी जबाबावर सही केली. करारातलं कलम त्यांनी वकिलाला दाखवलंही नाही.

महिन्याभरात समितीने कॅप्टन मृण्मयी अधिकारीला निर्दोष ठरवलं. नारखेड्यांचं नाव अहवालात नव्हतं, पण गावाला कळायचं ते कळलंच. त्यांच्या फाटकावर कुणीतरी कोळशाने 'सात' असं लिहून गेलं. रोज सकाळी सोबत फिरायला येणारे रेल्वेतले जुने सहकारी दुसऱ्या रस्त्याने जायला लागले. मृण्मयीच्या वडिलांचा एकदा फोन आला. त्यांनी आपलं नाव सांगितलं, थोडा वेळ श्वास ऐकू आला, आणि फोन ठेवला गेला.

सोबती मात्र उडतच राहिला. दोनशे बारा विमानं एका अहवालासाठी जमिनीवर बसवता येत नाहीत, असं कंपनीने न्यायालयाला सांगितलं आणि न्यायालयाने ते मानलं. फक्त देवसड्यावर त्याला मनाई झाली.

"त्यातून माझा हात काढून टाका ना," नारखेड्यांनी वर्टीबाईंना फोनवर विचारलं होतं.

"आमटीतलं मीठ काढता येतं का? वरून पाणी घालता येतं, तेवढंच. त्याला नवे धडे द्यायचे. आणि त्यांचे अभियंते म्हणतात, ज्या हाताने सवय लावली त्याच हाताने ती मोडली, की तो सर्वांत लवकर शिकतो. मला तुमच्याकडे मागायला आवडत नाही. पण मागतेय."

म्हणून नारखेडे आता रोज चाळीस फेरउड्डाणं करत. वारा मागून, वारा बाजूने, धुकं, ओली पट्टी. उतरत यायचं आणि सोडून द्यायचं. पहिल्या आठवड्यात चाळीसातली सव्वीस जमली, दुसऱ्यात चौतीस. क्रमांकांच्या यादीतून त्यांचं नाव कधीच घसरून गेलं होतं. तिकडे ते बघतही नसत. संध्याकाळी खांदा इतका ठणकायचा की सुरेखाबाई तेल लावून देत. बोलत मात्र नसत.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी वर्टीबाईंनी कळवलं, नव्या धड्यांनंतर सोबतीची चाचणी झाली. वारा फिरवलेल्या शंभर प्रसंगांपैकी सत्त्याण्णव वेळा त्याने दांडा कॅप्टनच्या हाती सोडला.

"आणि तीन वेळा?"

"तीन वेळा ओढला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांच्या मुलीचा, हर्षालीचा, बंगळुरूहून फोन आला. तिला सातवा महिना होता आणि ती बाळंतपणाला माहेरी येत होती. रेल्वेने चोवीस तास बसणं डॉक्टरांनी नको म्हटलं, म्हणून तिने जळगावपर्यंत विमानाचं तिकीट काढलं होतं. मागे विमानतळावरच्या सूचना ऐकू येत होत्या.

"बाबा, आत्ता दारापाशी पाटी लागलीय. या विमानात कॅप्टनसोबत सोबती आहे." ती हळू आवाजात म्हणाली. "आज वारं फार आहे म्हणे जळगावला. खरं आहे का?"

नारखेड्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणातल्या दोरीवरच्या चादरी आडव्या झाल्या होत्या.

"आहे वारं," ते म्हणाले.

"बाकी कुणाला विचारू? तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं?" हर्षालीचा आवाज एकदम लहान झाला. "रांग पुढे सरकतेय, बाबा. सांगा ना, बसू का मी?"