धाकट्याचं गलबत

गलबताचं नाव रंगवायचं ते सकाळच्या सावलीत, रंग वाळला की फडक्यानं झाकायचं. कारियाकू बेटावर गेली एकतीस वर्षं मी हेच करतो. फडकं निघतं ते गलबत पाण्यात घालायच्या दिवशी, त्याच्या धर्ममातेच्या हातून.

हे गलबत आल्बनचं. पण ‘आल्बन’ म्हणून हाक मारा, गावात कुणी मान वळवणार नाही. तो धाकटा. आईचा एकुलता एक, बावन्न वर्षांचा, तरी धाकटा! टोपणनावांची मला हौस. कोण ‘कर्नल’ का, कोण ‘कोरडी भाकर’ कशावरून, सगळं वहीत आहे. धाकट्यापुढची ओळ मात्र कोरी.

“थोरला कुठाय रे तुझा?” दोराशी जमलेले गडी आजही चिडवत होते.

“मटणाच्या पातेल्याशी बसलाय. तुला हाडं ठेवील!” हे धाकट्याचं ठरलेलं उत्तर.

वाळूवर हशा पिकला. धाकटा हसत होता, पण नजर पाण्यावर होती. चार वर्षं एकेक फळी जमवून त्यानं हे उभं केलेलं. भरती दुपारी दोनपर्यंत. तोवर तरंगलं नाही, तर पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत उन्हात आडवं पडून फळ्या तडकणार.

पाद्रीबाबांनी प्रवचन धरलं. आधी बोलत, मग गुणगुणत, मग खुल्या गळ्यानं. “देव गर्दीला नाही बोलावत, लेकरांनो, एकेकाला नावानं बोलावतो!” आम्ही टाळ्यांवर ‘आमेन’ झेलत होतो. गाऊन सांगितलेलं प्रवचन ऐकलं की माझे डोळे भरतात, त्याची लाज वाटत नाही.

धर्ममाता टांटी सेराफिननं (टांटी म्हणजे मावशी) फडकं ओढलं. ‘इव्हलिना’. धाकट्याच्या गेलेल्या आईचं नाव. ढोल कडाडला.

मग आमची रीत. घरातल्या एकेकाचं नाव पुकारायचं, गेलेल्यांचंही, आणि मग ओढायचं. नावं झाली. टेकू तोडले. गलबत कुशीवर झुकलं. समुद्रातल्या नांगराच्या कप्पीतून फिरून दोर वाळूवर येतो. तिथं आम्ही साठ जण लागलो.

हललं नाही.

पुन्हा ओढलं. गलबताखालचे ओंडके कुरकुरले, तळहातांची सालं निघाली. पाणी उतरू लागलं.

“एक राहिला,” टांटी पुटपुटली.

“कोण, टांटी?” धाकट्यानं विचारलं.

“इव्हलिनानं शपथ घातली होती रे, बाळा. तुझ्याआधी एक झाला होता. आठ दिवसांत गेला, बाप्तिस्म्याआधीच. अशांचं नाव आपण तोंडी आणत नाही. म्हणून ती तुला धाकटा म्हणायची. थोरला आहे, एवढं तरी रोज कानावर पडावं म्हणून.”

धाकट्यानं सोललेले हात विजारीला पुसले.

“नाव काय ठेवलं होतं?”

“ऑरेलियस.”

तो दोराच्या शेवटी गेला. ती मालकाची जागा. त्याच्यामागे दोराचं चार हात मोकळं टोक.

“ऑरेलियसदादा!” गळा फाटेस्तोवर तो ओरडला. “ये ना रे, हात लाव!”

माझ्या हातातला दोर हलका झाला.

गलबत लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. पाण्यावर डुललं, सरळ झालं. टोप्या उडाल्या, टांटी ढोलापुढे नाचली, पाद्रीबाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून गात होते. धाकटा रडत रडत हसत होता.

सगळे पातेल्यांकडे पळाले. मी ब्रश आणि पट्टी आवरायला मागे राहिलो.

ओल्या वाळूत साठ जणांच्या टाचा रुतलेल्या. धाकट्याची पावलं ओळखू येतात, डावं पाऊल आत वळतं. त्यांच्या मागे, मोकळ्या टोकापाशी, आणखी दोन पावलं होती. टाचा सगळ्यांत खोल. डावं आत वळलेलं.

तिथून ती समुद्राकडे गेली नव्हती. पातेल्यांकडे गेली होती.

मी पट्टी लावून पाहिली. धाकट्याच्या पावलांपेक्षा ती बोटभर मोठी होती.