नानांचं वळण

दीपमाला नावेच्या तळाशी उताणी पडून बॅटरीची वायर फळीखालून पुढे ओढत होती. आई, ताईबाई, वाटीत स्क्रू घेऊन शेजारी बसली होती. मागेल तो स्क्रू अचूक हातात ठेवायची.

धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये दीपमाला मशिनरीच्या पॅनलची वायरिंग करायची. नावेला ऑटोपायलट बसवणं तिला अवघड नव्हतं. दिशा ओळखायला होकायंत्र, स्टीअरिंग फिरवायला छोटी मोटर आणि दोघांना जोडणारा एक डबा. होकायंत्र तेवढं इंजिनापासून, लोखंडापासून लांब हवं, नाहीतर ते खोटी दिशा दाखवतं. तिने ते नावेच्या पार टोकाशी बसवलं.

हे सगळं नानांमुळे, तिच्या वडिलांमुळे. बॅरेजमागे साठलेल्या तापीच्या या फुगवट्यात नानांनी जन्मभर मोटारबोट चालवली. कापूस वेचणाऱ्या बाया सकाळी पलीकडे सोडायच्या, संध्याकाळी आणायच्या. गेल्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. हात गेले, बोलणंही गेलं. तेव्हापासून नाव ताईबाईकडे आली. पण तिचा खांदा धरायचा, पैलतीर येईपर्यंत हात भरून यायचा.

"आता मी नुसती बठसू का?" ताईबाईने हसून विचारलं.

"नुसती बठ. वाट ते धरी."

रिकाम्या नावेने दोघी निघाल्या. ऊन नुकतंच पाण्यावर उतरलं होतं. दीपमालाने नावेचं नाक पैलतीरावरच्या निंबाकडे केलं आणि बटण दाबलं. स्टीअरिंग आपोआप जरासं हललं, स्थिरावलं. ताईबाई मांडीवर हात ठेवून कौतुकाने बघत राहिली.

मध्यावर स्टीअरिंग डावीकडे फिरलं.

नाव एक लांब, सावकाश वळण घेऊन पुढे गेली आणि पुन्हा निंबाच्या रेषेत आली. दीपमालाने होकायंत्र तपासलं, जोड दाबून पाहिले, मोबाइल उचलून लांब ठेवला. परतताना पुन्हा तेच. तीच जागा, तेच वळण.

"कुठंतरी वायर ढिली असंल," ती म्हणाली. उद्या या नावेत बाया बसणार होत्या.

ताईबाई पाण्याकडे बघत होती. "तुना नाना बी आठेच वळेत. मी एकदाव इचारं. बोलनात नही." नानाही इथेच वळायचे, हे दीपमाला पहिल्यांदाच ऐकत होती.

दीपमालाने डब्याचा फ्यूज काढून तळहातावर घेतला. दिवा विझला. मोटर बंद. "आता तूच धर," ती आईला म्हणाली.

ताईबाईने स्टीअरिंग धरून नाव पुन्हा पैलतीराकडे वळवली. मध्याजवळ येताच तिचा चेहरा बदलला. घाबरला नाही, मऊ झाला. तिने दोन्ही हात अलगद काढून घेतले, जसं कुणी म्हणावं, सोड, मी धरतो.

स्टीअरिंग डावीकडे फिरलं.

दीपमाला काठावरून वाकली. बॅरेजचे दरवाजे उघडल्यामुळे या आठवड्यात पाणी उतरलं होतं. उजव्या हाताला, पाण्याखाली वीतभर, दगडी गोल दिसला. शेवाळलेला, काळा. बुडालेल्या एखाद्या मळ्यातल्या विहिरीचा काठ. सरळ गेली असती तर नाव फाटली असती.

गोलाच्या आतलं पाणी हलत नव्हतं. आजूबाजूचं हलत होतं.

नाव वळसा घालून पुढे गेली.

दोघी परतल्या तेव्हा घरी नाना बाजेवर होते. उशाशी त्यांची बहीण, सुमनबाई, पंख्याने वारा घालत होती.

"सकायपासून दोन्ही मुठी अशाच धरेल," ती म्हणाली. "मी खाली दाबस, पन सोडतच नहीत."

नानांचे हात छातीसमोर होते, काहीतरी गोल धरावं तसे. ज्या हातांनी वर्षभर पाण्याचा पेला उचलला नव्हता, ते हात.

ताईबाई बाजेच्या कडेला बसली. तिने त्यांची बोटं एकेक करून उलगडली, तळवे चोळले. "पोहोचलो आम्ही. दमनात ना?" ती हळूच म्हणाली. दीपमालाचे डोळे भरून आले. नानांचे हात सैल पडले.

मग त्यांचे ओठ हलले. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा.

"मांगे बठेल पोर... उतरनी का?"

सुमनबाईचा पंखा थांबला. दीपमालाने आईकडे पाहिलं. मागे कुणी पोर बसलीच नव्हती; नावेत दोघीच होत्या. दीपमाला सगळा वेळ पुढे, डब्याशी होती.

ताईबाईने वर पाहिलं नाही. नानांचा तळवा चोळत राहिली.

"उतरनी," ती म्हणाली. "काठवर उतारी दिनी. तुम्ही निजा."

नानांनी डोळे मिटले.

ताईबाई पाणी आणायला उठली, तेव्हा तिच्या पाठीवरून खाली सोडलेला पदर दीपमालाला दिसला. त्याचं टोक ओलं होतं, आणि लहानशा मुठीत घट्ट धरून ठेवावं तसं चुरगळलेलं.