शिळा नवरदेव

“साहेब, कापसाचं लगीन कोणत्या मुहूर्तावर लागतं वो?”

धुरपतानं विचारलं आणि तुरीआड दडलेले तानू अन् मुंजा खिदळले. पैज त्यांचीच होती! बोरीच्या सरकारी कापूस फार्मवरच्या दिनकरराव साहेबांना हे विचारून दाखव, हिंमत असेल तर!

साहेब मात्र हसले नाहीत. “सकाळच्या! आदल्या संध्याकाळी पात्यातलं, म्हणजे कळीतलं, केसर काढून वर कागदी टोपी घालायची. सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल त्यावर घासायचं. पण तो नवरदेव त्याच दिवशी उमललेला, पिवळाधमक पाहिजे! दुसऱ्या दिवशी फूल लाल पडतं, पराग मरतो. मग किती बोंडं धरली ते मोजायचं.”

“अन् माझ्या झाडांना किती धरली?”

साहेबांनी हातातली वही मिटली. गेल्या साली सटवाजीच्या रानातला सगळा कापूस करपला, एकच झाड हिरवंगार राहिलं. ते हेरलं होतं त्याच्या लेकीनं, धुरपतानं! त्याच झाडाची सरकी साहेबांनी इथं लावली होती.

“लगीन लावलेल्या एकाही फुलाला नाही, पोरी. उद्या शेवटचं लगीन लावायचं, मग उपटायचीत.”

“म्या म्हणलं नव्हतं?” फुलं घासायचं काम करणारा मुकादम बन्सीधर पचकला. “वांझ हायत ती!”

“उपटू देणार न्हाई!”

“पोरीच्या जातीनं साहेबाला उलट बोलायचं?”

“निजामी गेली आता, काका!” धुरपता ताडकन म्हणाली. तेवढ्यात तिची नजर झाडाखाली गेली. आज सकाळीच घासून फेकलेली फुलं पडली होती. सगळी लाल!

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं तुरीत दबा धरून बसली. नवरदेवाची झाडं धुऱ्यापलीकडं, बांधाच्या पल्याड होती. तिथं गुडघाभर गवतातून जावं लागे. ऊन वर आलं, तरी तिकडं कुणी फिरकलं नाही! शेवटी बन्सीधर जांभया देत आला तो थेट धुरपताच्या झाडांपाशी. त्यानं झोळीतून फुलं काढली. मुंजा साहेबांना बोलवायला पळाला.

साहेब येताच धुरपता पुढं झाली. “काका, फुलं आताच तोडली का?”

“मग! धुऱ्यापलीकडून!”

“मग धोतर कोरडं कसं? तिकडं दव लय हाय. माझा परकर बघा, तुरीत बसूनच चिंब झालाय!”

“अन् नवरदेव लाल कसा?” तानू ओरडली. “अंगाला हळद न्हाई लागली का?”

बन्सीधर चाचरला. “गवतात किरडू असतंय, चावलं म्हंजे... म्हणून कालच दुपारी तोडून ठेवली. फूल ते फूल!”

“वा रे वा!” धुरपता कडाडली. “नवरदेव शिळा आणायचा, अन् वांझ म्हणायचं नवरीला?”

साहेबांनी झोळी हिसकावली. “पोरांनो, ताजी फुलं आणा! पळा!”

दिवाळी सरता सरता झाडांवर बोंडं धरली. टपोरी, हिरवीगार! मोजून झाल्यावर साहेब स्वतः सटवाजीच्या दारात आले. “तुमच्या लेकीची नजर माझ्या मुकादमात असती, तर काय पाहिजे होतं! हे वाण वाचलं ते हिच्यामुळं.”

सटवाजीची छाती फुगली. साहेब गेल्यावर मात्र तो म्हणाला, “झालं कवतिक! उद्या सकाळी पालमचे पाहुणे यायलेत तुला बघायला. पदर नीट घे.”

“येऊ द्या, बाबा. मी घरी नसणार. सकाळी फुलं उमलतात, मी फार्मवर जाणार. पुढं मॅट्रिक, मग परभणीचं शेतकी कॉलेज. माझं ठरलंय!”

“अगं, अन् लगीन?” आईनं कपाळाला हात लावला.

“लगीन?” धुरपता हसली. “आये, तुझी लेक अजून पात्यात हाय!”