न पोचलेलं बोलणं

यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही. ज्यांच्यावर हे बेतलं ते माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, आजही त्याच नोकरीत आहेत. विषय निघाला की उठून बाल्कनीत जातात.

भुतं फक्त रात्री भेटतात असं मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. कारण हे घडलं रविवारी... भर दुपारी.

भावोजी एका नेटवर्क कंपनीत इंजिनिअर आहेत. एकाच तारेतून कितीतरी ग्राहकांचं बोलणं, चित्रं, कागदपत्रं धावत असतात. गर्दी झाली की कुणाला पुढे सोडायचं आणि कुणाला टाकून द्यायचं, याचे नियम यंत्रात लिहून ठेवावे लागतात. दवाखान्यात अत्यवस्थ पेशंटला रांग मोडून आत घेतात ना, तसंच. फोनवरचं बोलणं सगळ्यांत पुढे. पण त्या पुढच्या रांगेलाही मर्यादा असते. ती भरली की उरलेले शब्द यंत्र सरळ फेकून देतं आणि किती फेकले त्याचा आकडा दाखवतं.

त्या दिवशी तक्रार होती ॲम्ब्युलन्सवाल्यांची. लोक मदतीसाठी फोन करत होते आणि आवाज मध्येच तुटत होता. एका बाईचा नवरा घरात कोसळला होता आणि गाडी भलत्याच गल्लीत फिरत राहिली. हे कळलं तेव्हा भावोजी जेवत होते. ताट तसंच सारून ते ऑफिसला गेले.

इमारतीत वॉचमन सोडून चिटपाखरू नव्हतं. यंत्रांची खोली वरच्या मजल्यावर. खिडकी नाही. जाड काचेचं दार, कार्ड लावलं तरच उघडणारं. आत पंख्यांची घरघर आणि हाडं गोठवणारा एसी.

भावोजींनी लॅपटॉप जोडला. फेकलेल्या शब्दांचा आकडा भराभर वाढत होता.

कारणही दिसलं...

पुढच्या रांगेसाठी एक जास्तीचा नियम लिहिलेला होता. ग्राहकाचं नाव नाही, काही नाही. त्या नियमामुळे कुठला तरी एकच फोन सगळी जागा अडवून बसला होता.

तो यंत्राच्या कुठल्या कप्प्यातून येतोय, ते त्यांनी शोधून पाहिलं. तो कप्पा रिकामा होता.

तिथे तार जोडलेलीच नव्हती.

भावोजींनी ते बोलणं लॅपटॉपवर वळवून घेतलं आणि हेडफोन लावले. आधी नुसती घरघर... मग श्वास... मग काचेवर बोटांनी टकटक.

त्यांनी दचकून दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

तेवढ्यात खोलीतला एसी थोडा वेळ थांबला, नेहमी थांबतो तसा. आणि हेडफोनमधली घरघरही त्याच क्षणी उतरली.

तो फोन याच खोलीतून चालला होता.

या धंद्यात एक दंडक आहे. जो नियम कुणी लिहिला ते ठाऊक नाही, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. जुनी मंडळी म्हणतात, हवं तर सापाच्या बिळात हात घाल, पण अनोळखी नियम पुसू नकोस. भावोजींना हे पाठ होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढून ती बाई हलेना.

त्यांनी नियम पुसला.

आकडा थांबला. लॅपटॉपवर ॲम्ब्युलन्सवाल्यांचा निरोप आला की आवाज आता स्वच्छ येतोय. भावोजींना हायसं वाटलं. लॅपटॉप तसाच ठेवून पाणी प्यायला म्हणून ते दाराशी गेले आणि कार्ड लावलं.

लाल दिवा.

पुन्हा लावलं... लालच.

आतलं बटण दाबलं, खांद्याने धक्के दिले. दार ढिम्म हललं नाही. आधी त्यांना स्वतःचंच हसू आलं. दाराच्या कुलपाचे निरोपही याच यंत्रातून जातात, म्हणजे बसल्या फांदीवरच कुऱ्हाड मारली होती. मोबाईलला तिथे रेंज नव्हती. त्यांनी ऑफिसच्या वायफायवरून घरी फोन लावला.

धाकटीने लगेच उचलला. भावोजींनी सांगितलं, मी अडकलोय, वॉचमनला वर पाठव.

पलीकडे ती हसली. "इतक्यात निघालातसुद्धा?"

भावोजी ओरडले. ती मध्ये मध्ये हं, हं म्हणत होती. पण त्यांना नाही... दुसऱ्याच कुणाला तरी.

"अहो, काय ही चेष्टा? स्वतःच्या घराचा पत्ता कुणी विसरतं का?"

भावोजी मुळातच थट्टेखोर. फोनवर काहीबाही विचारून बायकोला छळायची त्यांना हौस. त्यामुळे तिला काही वावगं वाटलं नाही. ती लाडाने पत्ता सांगायला लागली. आधी गल्ली... मग इमारत...

सांगू नकोस, सांगू नकोस, म्हणून भावोजी किंचाळत होते. तेवढ्यात त्यांची नजर लॅपटॉपवर गेली. थांबलेला आकडा पुन्हा वाढत होता. ते बोलले की वाढायचा. गप्प बसले की थांबायचा.

फेकले जात होते ते त्यांचेच शब्द.

त्या फोनवाल्याच्या जागी आता आपण इथेच राहणार आणि घरी आपल्या ताटावर दुसरंच कुणीतरी जेवायला बसणार, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घुमत होता.

"चौथा मजला," धाकटी सांगत होती.

त्यांनी पुसलेला नियम जसाच्या तसा पुन्हा लिहिला.

फोन तुटला. दार खट्कन उघडलं.

ॲम्ब्युलन्सवाल्यांना त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या तारेवर हलवलं. तो नियम अजून तिथेच आहे. साहेबांनी सगळं ऐकून फक्त "पुसला होतास का?" एवढंच विचारलं.

धाकटी शपथेवर सांगते, आवाज ह्यांचाच होता. घराचा नंबर तेवढा सांगायचा राहिला होता. नंतर त्यांच्या मजल्यावर दुपारच्या वेळी एकेका दारावर टकटक होऊ लागली. उघडावं तर कुणी नाही. टकटक शेजारच्या दारापर्यंत आली तेव्हा त्यांनी ते घर सोडलं.

नवा पत्ता आम्ही फोनवर कुणालाच सांगत नाही.

परवा मला फोन आला. आवाज भावोजींचा.

"ताई, मला घरी जायचंय हो... पत्ता सांगता का?"

भावोजी तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते.

मी फोन ठेवला. पण तो आवाज इतका काकुळतीला आला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता मला त्याची भीती वाटत नाही. वाटते ती माझीच... पुन्हा फोन आला तर मी पत्ता सांगून टाकीन.