पलीकडची बोली

ट्रेंट नदीवर होडी चालवणाऱ्या थर्स्टनला उतारू दिसायच्या आधी ऐकू यायचा. नदीवर धुकं कायमचंच. अलीकडचा माणूस होडीला तोंड भरून 'बाट!' अशी हाळी द्यायचा, पलीकडच्या, दक्षिण काठावरच्या हेल्बी गावचा ओठ गोल करून 'बोट!' म्हणायचा. थर्स्टन वल्हं होडीच्या कडेवर आपटायचा. म्हणजे ऐकलं, येतोय.

मोठ्या मरीत हेल्बी अख्खं गेलं. तेव्हापासून तो पलीकडे होडी लावत नव्हता. अलीकडच्याच काठानं माणसं आणि मेंढ्या बाजाराला न्यायचा.

त्याच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. मरीनंतर जन्मलेली लेक इडोनी तीन वर्षांची होऊनही तोंडातून शब्द काढत नव्हती. एमोटनं, त्याच्या बायकोनं, देवळात मेणबत्त्या लावल्या, शेजारणींचे टोमणे गिळले. पोर आपली दिवसभर काठावर बसून धुक्याकडे बघायची.

मग एका सकाळी तिनं मूठ उघडली. आत गुळगुळीत दगड होता.

"स्टोन," ती म्हणाली.

एमोट रडायलाच लागली. थर्स्टननं पोरीला उचलून गरागरा फिरवलं. खाली ठेवताना मात्र त्याचे हात थबकले.

"'स्टान' म्हण गं, बाळा. आपण 'स्टान' म्हणतो."

"स्टोन," इडोनी म्हणाली.

आठवडाभरात ती सगळंच बोलू लागली. पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव हिंडणारा हॅमंड सुया-दोरे विकायला आला, तेव्हा ती त्याच्याशीही मनसोक्त बोलली. हॅमंड खो खो हसला.

"काय रे थर्स्टन, पोरगी दक्षिणेतनं उचलून आणलीस की काय? तुझ्या बोलण्याचा वाससुद्धा नाही हिला!"

"तिकडच्या कुणाचं ऐकलं असेल."

"कुणाचं? मी सगळा मुलूख पायाखाली घातलाय. शेवटाला असा सूर वर चढवून फक्त..." हॅमंडनं नदीकडे पाहिलं आणि त्याचं हसू ओसरलं. गाठोडं बांधताना तो हळूच म्हणाला, "पोर कानावर रोज पडतं तेच बोलतं, गड्या. हिच्याशी रोज बोलतं कोण?"

थर्स्टन भ्याला. सरळ भ्याला. त्यानं पोरीला काठावर जायची बंदी केली. तिनं हेल्बीच्या वळणाचा शब्द काढला की तो तिच्या तोंडावर हात ठेवायचा. ती गप्प झाली. पुन्हा पहिल्यासारखी. जेवेना, मान वर करेना.

एमोट खवळली. "तीन वर्षं मी या आवाजासाठी देवापुढे नाक घासलं. तुम्हाला उच्चार खुपतो होय? कशीही बोलू दे. बोलतेय ना!"

"अगं, ती त्यांच्यासारखी बोलते."

"कुणासारखी? मेली ना ती सगळी?"

घरात पोरीचे डोळे दरवाज्याला खिळलेले असायचे. शेवटी त्याचंच काळीज पिळवटलं. दुपारी त्यानं दार उघडलं आणि तिचा हात धरून तिला होडीपाशी नेलं.

"बोल, बाळा. तुला हवं तसं बोल."

इडोनीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या हातातून बोटं सोडवून घेत ती पाण्याच्या कडेला गेली. धुक्याकडे तोंड करून तिनं तोंडाशी हात धरले, हेल्बीची माणसं धरायची तसे.

"बोऽट!"

शेवटाला सूर वर चढला.

नदी शांत होती.

थर्स्टननं श्वास सोडला. वर झोपडीच्या दारात एमोट आवाज ऐकून हसत उभी होती.

मग पलीकडे, धुक्यात, कुणीतरी वल्हं होडीच्या कडेवर आपटलं.

थर्स्टननं खाली पाहिलं. नदीवरची एकुलती एक होडी त्याच्या पायाशी बांधलेली होती. वल्हं तिच्यात कोरडं पडलं होतं.

इडोनीनं दगड फडक्यात बांधून घेतला आणि उतारू उभे राहतात त्या जागी जाऊन उभी राहिली.