तिसऱ्या हॉर्नचा श्वास

हे मी रचलं असतं, तर अमावास्येच्या रात्री घडवलं असतं.

पण ते घडलं भर दुपारी. बुधवारी, सव्वादोन वाजता, बरबँक या सिनेमावाल्यांच्या गावात, माझ्या शेजारच्या गॅरेजात. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

त्या गॅरेजात बसून नोरीन सिनेमांना संगीत द्यायची. तिचा नवरा लेलंड तीस वर्षं फ्रेंच हॉर्न हे पितळी वाद्य वाजवत होता. त्या आठवड्यात तो न्यूमोनियाने हॉस्पिटलात होता. घाबरण्यासारखं काही नव्हतं. शनिवारी घरी सोडणार होते.

"न्यूमोनियाने नाही, इथली जेली खाऊन मरेन मी," सकाळीच तो फोनवर म्हणाला होता.

दुपारी नोरीनने नवी ब्रास लायब्ररी उघडली. म्हणजे पितळी वाद्यांचा एकेक सूर वादकांकडून वाजवून घेऊन कॉम्प्युटरवर साठवलेला. हळू, मध्यम, जोरात; प्रत्येक सूर चार-चारदा. की-बोर्डची पट्टी दाबली की सूर हजर. ही लायब्ररी बाजारात यायला अजून दोन दिवस होते, पण कंपनीचा मालक डस्टिन जुना दोस्त. त्याने तिला आधीच वापरून बघायला दिली होती.

त्यात सहा हॉर्न होते. तिसरा लेलंडचा.

नोरीनने बाकीचे पाच बंद केले. नवऱ्याशिवाय घर खायला उठत होतं. तिने पट्टी दाबली.

सुराच्या आधी... श्वास ऐकू आला.

लेलंडचाच. नाकातून घेतलेला, जरासा घरघरणारा. तीस वर्षं उशीशेजारी ऐकलेला. तिला रडूच कोसळलं.

मग तिने त्याच्यासाठी एक छोटा तुकडा रचला आणि सवयीने तो फिरता ठेवला. हे लोक असंच करतात. तुकडा पुन्हा पुन्हा वाजू देतात आणि दुसऱ्या कामाला लागतात, म्हणजे चूक असेल तर कानाला आपोआप खटकते. तिने सूप गरम केलं. भांडी घासली. बहिणीशी बोलली.

चाळीस मिनिटं.

फोन वाजला. हॉस्पिटलातली नर्स मारिबेल.

"लगेच या हो. त्यांना श्वासच पुरत नाहीये. अर्ध्या तासात काय बिनसलं कळत नाही. मशीनवर घेतोय."

फोन कानाला लावूनच ती गाडीच्या किल्लीसाठी गॅरेजात धावली. तुकडा अजून फिरत होता.

पण सूर विरला होता. श्वास तुटक झाला होता. आणि मग...

काहीच नाही. सुराच्या जागी सूर नाही, श्वासाच्या जागी श्वास नाही.

तिने झडप घालून तो बंद केला.

"थांबा हं..." मारिबेल म्हणाली. "सुधारतंय. ऑक्सिजन वर येतोय."

यानंतर तिने जे केलं, त्याबद्दल ती स्वतःला आजही माफ करत नाही. खात्री करायला तिने एकदाच... फक्त एकदाच पट्टी दाबली.

फोनमधून मशीनचा अलार्म ओरडू लागला.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तिने डस्टिनला फोन लावला.

"तिसरा हॉर्न काढून टाक."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? परवा सकाळी नऊला बाहेर पडतेय. चार हजार लोकांनी आधीच मागवलीय."

"चार हजार जण पट्ट्या दाबणार?"

"दाबणारच की! पूजा करायला घेतात का?"

"डस्टिन, पाया पडते तुझ्या. तो मरेल रे."

तो शेवटी म्हणाला, "बरं, काढतो. तू जरा झोप घे."

त्याने काढला नाही. काळजीने बाई भ्रमिष्ट झाली असं त्याला वाटलं. मलाही तेच वाटलं असतं.

शुक्रवारी नऊला पाच मिनिटं कमी होती. लेलंडने डोळे उघडले, तिचा हात दाबला. आता धोका टळला, असं मारिबेल म्हणाली.

नऊ वाजून दोन मिनिटांनी अलार्म एकदा वाजला... थांबला.

पुन्हा वाजला. मग थांबलाच नाही.

नवी लायब्ररी हाती आली की सगळे आधी एकच करतात. अगदी खालच्या पट्टीपासून एकेक सूर वर चढत जातात. लेलंडची छाती तशीच उचलली जात होती. एकेक पायरी... वर... आणखी वर...

"थांबवा त्यांना!" नोरीन किंचाळली. "हात काढायला सांगा कुणीतरी!"

खोलीत कुणाचाच हात कशावर नव्हता. नऊ वीसला सगळं संपलं.

डॉक्टर म्हणाले, असं व्हायला नको होतं. दुसरं काही त्यांना सांगता आलं नाही.

दफन झाल्यावर आठवड्याने ती लायब्ररी पुसून टाकायला गॅरेजात गेली. कॉम्प्युटर चालू केला. लायब्ररी उघडली. पट्टीला हातही लावला नव्हता.

स्पीकरमधून... श्वास आला.

आत. बाहेर. आत. बाहेर. शांत झोपलेल्या माणसाचा.

त्या दिवसापासून तिने तो कॉम्प्युटर बंद केलेला नाही. चौदा महिने झाले.

गेल्या महिन्यात वारा सुटला. वणव्याच्या भीतीने इथे अशा वेळी वीज तोडतात. नोरीन अनवाणी माझ्या दारात आली.

"तुझा जनरेटर दे. वीज गेलीय, कॉम्प्युटरची बॅटरी वीस मिनिटं टिकेल. विनवते तुला, चल!"

बाई गं, जाऊ दे आता त्याला, असं सांगायचं ठरवूनच मी तिच्यामागे गेलो. गॅरेजचं दार उघडं होतं. मी उंबऱ्यावरच थांबलो आणि ऐकलं. एकोणीस वर्षांचा शेजार आमचा. बागेत आरामखुर्चीत डुलकी लागली की लेलंड कसा श्वास घेतो, ते मला कुंपणापलीकडूनही कळायचं.

मी घरी जाऊन जनरेटर ओढत आणला. दोन दिवस तिथे बसून त्यात पेट्रोल ओतलं, एकदाही बंद पडू दिला नाही.

मी केलं ते बरं की वाईट, मला माहीत नाही. परवापासून पुन्हा वारा सुटणार म्हणतात. काल जाऊन पेट्रोलचे तीन कॅन भरून आणलेत.