राहीबाईंचा लाल चेहरा

ही घटना अक्षरशः खरी आहे. शपथेवर सांगतो.

शपथेसाठी हाताशी ग्रंथ नव्हता, म्हणून दूध डेअरीच्या कॅलेंडरवर हात ठेवलाय.

भुताला अमावास्येची रात्र लागते म्हणतात. आमच्या वेळी जानेवारीतला रविवार होता, दुपारचे बारा, आणि ठिकाण केडगाव. माझी बहीण माधुरी भाकऱ्या थापत होती. मेव्हणा नितीन सुप्याच्या कंपनीत ड्युटीवर.

भाची आरती अकरावीला. आजी गेल्यापासून पोरीनं आधी बोलणं सोडलं. मग जेवण.

आजी असतानाच कॉलेजच्या एका प्रकल्पातून समुपदेशक पंकजा मॅडमनी घराला एक ॲप दिलं होतं. प्रत्येकानं रोज आपापला चेहरा दाबायचा. हिरवा म्हणजे बरं चाललंय. लाल म्हणजे नाही. बोलून ठेवायचीही सोय होती.

माधुरीनं सगळ्यांची खाती स्वतःच्या मोबाईलवर घेतली होती. स्वयंपाक करता करता ती अख्खं कुटुंब हिरवं करून टाकायची.

"खोटं कशाला भरतेस?"

"लाल दाबलं तर मॅडम घरी येतात, दादा. गल्लीत काय सांगू? पोरगी वेडी झाली? आजचे तूच दाब, माझे हात पिठाचे आहेत."

दाबले. माधुरी हिरवी. नितीन हिरवा. आरती हिरवी.

खाली चौथं नाव होतं…

राहीबाई.

माधुरीच्या सासूबाई. ऑक्टोबरात वारल्या. नाव काढायचं राहून गेलेलं.

त्यांच्यापुढेही चेहरा होता…

लाल.

"हा तू दाबलास?"

"मेलेल्या माणसाचं मी कशाला भरू?"

कपाट उघडलं. राहीबाईंचा मोबाईल जागेवर होता. बॅटरी फुगली म्हणून नितीननं दिवाळीतच काढून टाकलेली.

नऊ दिवस. नऊ लाल चेहरे. प्रत्येकाखाली आवाज.

मी एक लावला. आधी खोकला. मग…

"पोर जेवली न्हाई. डबा कुत्र्याला घालती. सून खोटं सांगती."

"मेल्यावरसुद्धा माझ्या चहाड्या!" माधुरी म्हणाली. पण तिचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला होता.

शेवटचा आवाज १२.१४ चा. भिंतीवरच्या घड्याळात १२.१४ च वाजले होते.

त्यात शब्द नव्हते. नुसतं नळाचं पाणी…

मी मोबाईल बंद केला.

पाणी वाहतच होतं.

न्हाणीघरात.

"आरती?"

मी दार ठोठावलं.

"आरते, दार उघड!"

दुसऱ्या धक्क्याला कडी निसटली. आरती फरशीवर पडली होती. ओठ पांढरे, हात गार.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस उपाशी आहे?" माधुरीला सांगता येईना. मी सांगितलं, नऊ.

तिसऱ्या दिवशी आरती बोलली.

"आई, माझं लाल कर."

माधुरीनं केलं. रडत केलं. मॅडम घरी आल्या, गल्लीनं विचारलं. "पोरगी आजारी आहे, बरी होईल," माधुरी दारातूनच म्हणाली. आता आरती दोन वेळा जेवते.

मी मॅडमना हळूच विचारलं, "आजींचे आवाज तुम्ही ऐकले नाहीत?"

"कोण आजी? त्यांचं नाव आम्ही नोव्हेंबरातच काढलं."

पुन्हा कधी या घरात कुणी खोटंच 'बरं चाललंय' म्हटलं, तर आम्हाला कळणार कसं… हे मनातून जात नाही.

एकतीस मार्चला प्रकल्पाची मुदत संपली. ॲप बंद झालं. आता राहीबाईंना बोलून ठेवायलाही जागा उरली नाही.